लुव्हेनचा २००१चा पेपर: आधी मेथड्स वाचा

जर्नल क्लबसाठी पेपर हातात आला की आपण ॲब्स्ट्रॅक्ट वाचतो आणि थेट निष्कर्षावर जातो. मीही हेच करत आलोय. ही सवय मोडायची असेल तर बेल्जियममधल्या लुव्हेनचा, व्हान डेन बर्घ यांच्या गटाचा २००१चा पेपर घ्या.

सर्जिकल आयसीयूतले, व्हेंटिलेटरवरचे १५४८ रुग्ण. एका गटाची रक्तशर्करा इन्सुलिनने ८० ते ११०मध्ये ठेवली. दुसऱ्याला साखर २१५च्या वर गेली तरच इन्सुलिन. आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांऐवजी ४.६ टक्के. मग काय, जगभरच्या आयसीयूंनी हाच कित्ता गिरवला.

आता टक्के बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. ६३ मृत्यू विरुद्ध ३५, म्हणजे फरक २८ जणांचा. केंद्र एकच, आणि अंतरिम विश्लेषणात फायदा दिसला म्हणून चाचणी मुदतीआधी थांबवलेली. आकडा अनुकूल असतानाच थांबलं की परिणाम फुगून दिसू शकतो, हे लक्षात ठेवा.

पण माझ्या मते खरी गोम मेथड्समध्ये आहे. दाखल झाल्यावर रुग्णांना शिरेतून दिवसाला २०० ते ३०० ग्रॅम ग्लुकोज दिलं जात होतं! एवढी साखर आपणच ओतायची आणि इन्सुलिनने उतरवायची, तर तपासलं नक्की काय? शिवाय साखर मोजली ती धमनीतल्या रक्तात, चांगल्या ॲनालायझरवर. कित्ता गिरवणाऱ्या प्रत्येकाकडे ती सोय कुठून असणार? बोटाच्या टोकाचा ग्लुकोमीटर शॉकमधल्या रुग्णात चुकू शकतो.

२००९ साली नाइस-शुगर चाचणी आली. ४२ रुग्णालयं, ६१०४ रुग्ण. ९० दिवसांतले मृत्यू कडक नियंत्रणाच्या गटात २७.५ टक्के, दुसऱ्यात २४.९. म्हणजे उलटंच. यावरून ‘लुव्हेन खोटं होतं’ असं म्हणणारे भेटतील. मला ते घाईचं वाटतं. प्रश्नच वेगळा होता. रुग्ण वेगळे, आहार वेगळा, आणि नाइस-शुगरमध्ये दुसऱ्या गटाचीही साखर १८०च्या आत ठेवायची होती. लुव्हेनच्याच गटाने २०२३मध्ये ९२३० रुग्णांवर, सुरुवातीचं शिरेतलं पोषण टाळून आणि संगणकी अल्गोरिदम वापरून पुन्हा चाचणी केली. आयसीयूतला मुक्काम कमी झाला नाही, मृत्यूंतही फरक नाही. आपलाच गाजलेला निष्कर्ष असा पुन्हा तपासायला हिंमत लागते, हे मान्य करायला हवं.

तक्रार आहे ती वाचणाऱ्यांबद्दल. गुंगीत असलेला रुग्ण ‘घाम येतोय, चक्कर येतेय’ असं सांगू शकत नाही. त्याची साखर कोसळली तर ते फक्त आकड्यात दिसतं. २००१च्या पेपरात साखर ४० किंवा त्याखाली गेलेले रुग्ण कडक गटात ३९ होते, दुसऱ्यात ६. ती ओळ रिझल्ट्समध्ये पहिल्या दिवसापासून छापलेली आहे.