तयार ई-व्यापार प्रणाली आणि अडत्याची खातेवही : नंदुरबारच्या मिरचीच्या संदर्भात एक समीक्षा

तयार स्वरूपातील ई-कॉमर्स सॉफ्टवेअर प्रचलित व्यवहारपद्धतीशी कसे जोडावे, हा प्रश्न वाणिज्याच्या क्रमिक पुस्तकांत बहुधा कारखाने व बँकांच्या उदाहरणांनी मांडला जातो. नंदुरबारात तो बाजार समितीच्या आवारात विचारणे अधिक उपयुक्त ठरेल. १४ एप्रिल २०१६ रोजी ८ राज्यांतील २१ बाजारांत सुरू झालेली राष्ट्रीय कृषी बाजार अर्थात ई-नाम ही अशीच तयार प्रणाली होय. लघु कृषक कृषी व्यापार संघामार्फत ती बाजारांना विनामूल्य मिळते. नंदुरबारच्या मिरचीचा व्यवहार तीत कितपत सामावू शकतो, हे येथे तपासावयाचे आहे.

प्रणालीची रचना तर्कशुद्ध आहे. प्रवेशद्वारावर नोंद, लॉट क्रमांक, गुणवत्ता तपासणी, ऑनलाइन बोली, वजन, विक्रीपत्रक व अखेरीस बँक खात्यात रक्कम, असा तिचा क्रम आहे. मात्र येथे मोठ्या प्रमाणावर ओली लाल मिरची विक्रीस येते व व्यापारी ती घेऊन पथारीवर वाळवतात. वाळल्यावर किती माल हाती लागेल, या अदमासावर भाव ठरतो आणि हा अदमास मूठभर मिरची हातात घेऊन क्षणात होतो. तपासणीस विलंब झाल्यास ओला माल खराब होतो. तपासणी टाळल्यास दूरच्या खरेदीदारास त्या लॉटविषयी काहीच कळत नाही.

याहून गंभीर अडचण हिशेबाची आहे. शेतमालाच्या व्यापारात हंगामापूर्वी घेतलेली उचल हिशेबपट्टीतून वळती होते. हमाली, तोलाईही त्याच कागदावर असतात. ई-नामच्या क्रमात उचलीला जागा नाही. पैसे सरळ खात्यात जाणे स्वागतार्हच. परंतु पर्यायी कर्ज मिळाल्याविना उचलीचा संबंध तुटत नाही, तो केवळ पडद्याआड जातो. मग सौदा तोंडी, संगणकावरील नोंद नंतर आणि खातेवही निराळी, अशी दुहेरी लिखापढी सुरू होण्याचा धोका राहतो. अहवालात मात्र तिला संगणकीकरण म्हणतात.

कर्नाटकाने एनसीडीईएक्स स्पॉट एक्स्चेंजच्या भागीदारीतून उभारलेली आपली लिलाव प्रणाली मोडली नाही. मे २०२० मध्ये ती ई-नामशी जोडण्यात आली. तथापि ती जोडणी दोन संगणकीय प्रणालींची होती, संगणक व चोपडी यांची नव्हे. म्हणून ते उदाहरण येथे जसेच्या तसे लागू करणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. येथे आरंभ लॉट क्रमांकापासून व्हावा. समितीची काटापट्टी, अडत्याची हिशेबपट्टी व ई-नामचे विक्रीपत्रक या तिन्हींवर एकच क्रमांक असावा आणि उचलीची वजावट शेतकऱ्याच्या सहीने त्याच क्रमांकाखाली नोंदवावी. अडते यास सहजासहजी राजी होणार नाहीत, कारण ही वजावट आजवर त्यांच्याच वहीत राहिली आहे.