तोंडातला धागा

भांडवलशाही की समाजवाद, हा वाद आमच्या सूतगिरणीच्या फाटकाबाहेर टपरीवर रोज चालतो. रात्रपाळी सुटते, नाकात कापूस, डोळ्यांत झोप, तरी वाद चालूच. एक जण म्हणतो, कारखाने सरकारचे झाले पाहिजेत. माझा धाकटा भाऊ म्हणतो, मला मालकच नको, रिक्षा घेईन, हप्ते फेडीन, माझा मी. लोक त्याला हसतात. मी नाही हसत. आमच्या आज्याला 'माझा मी' म्हणायची सोय नव्हती.

या वादात बाबासाहेबांचा 'बुद्ध की कार्ल मार्क्स' हा निबंध दोन्ही बाजूचे लोक काठीसारखा उगारतात. वाचलेला मात्र कुणी दिसत नाही. मी वाचला, डिक्शनरी मांडीवर घेऊन. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही, १९८७ साली त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या तिसऱ्या खंडात आला. मार्क्समधलं बरंच जळून गेलं, थोडा निखारा उरला, पण तो महत्त्वाचा, असा त्यांचा हिशोब. खाजगी मालकीतून एका वर्गाला सत्ता आणि दुसऱ्याला दुःख मिळतं, हे त्या निखाऱ्यातलं. ते बाबासाहेब सोडत नाहीत. भांडण आहे ते रस्त्याचं. दडपशाहीनं समता आणाल, पण बंधुता कुठून आणाल?

इथं आमचे कॉम्रेड हसतात. म्हणतात, बंधुता म्हणजे किर्तन. त्यांना मुंबईच्या गिरण्यांचं साचाखातं आठवत नाही. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून अस्पृश्याला तिथं प्रवेश नाही. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. आमची माणसं रिंग खात्यात. हा नियम काही एकट्या मालकानं केला नव्हता, शेजारच्या साच्यावरचा कामगारही तोच धरून होता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मागण्यांत घ्यायला लावला, आणि संपाच्या पुढाऱ्यांनी तो नाखुशीनंच घेतला. मालक एक, मजुरी एक, लढा एक, आणि थुंकी वेगळी! बंधुता म्हणतात ती ही. किर्तन नव्हे, पगाराचा प्रश्न होता तो.

आता काही विद्वान म्हणतात, १९४७ ला बाबासाहेब समाजवादी होते, १९५६ ला धर्माकडे वळले. मला हे पटत नाही. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मोठे उद्योग, विमा, शेती सरकारकडे द्या म्हणाले, पण ते घटनेतच लिहून ठेवा म्हणाले, म्हणजे उद्याच्या बहुमतालाही पुसता येऊ नये आणि त्यासाठी हुकूमशहाही लागू नये. माणसाच्या मानेवर माणूस नको, मालक नको आणि कमिसारही नको. दोन्हीकडं मूल्य तेच.

पण निबंधात एक जागा मला खुपते. भिक्षूला आठच वस्तू बाळगता येत, रशियातसुद्धा एवढी कडक शिस्त नाही, असं बाबासाहेब दाखवतात. बाबासाहेब, भिक्षू सोडून देतो, कारण त्याच्याकडं सोडायला काही असतं. माझ्या आईनं जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर खुरपं चालवलं. तिला सातबाऱ्यावर नाव पाहिजे. एक गुंठा का असेना. ते नाव म्हणजे तिला भांडवल नाही वाटत, उद्या कुणी 'ऊठ इथनं' म्हणू नये एवढंच वाटतं. तुमच्या १९४७ च्या आराखड्यात सामुदायिक शेती होती, जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही. मी तो आराखडा आईला सांगितला. ती म्हणाली, बरं हाय, पण कागद कुणाजवळ ऱ्हाणार? या प्रश्नाचं उत्तर मला निबंधात सापडलं नाही. २००५ ला पुण्यात दलित उद्योजकांचं चेंबर निघालं, त्यांच्याकडंही नाही. कारखानदार झालेला आमचा माणूस माझ्या आईला कागद देणार नाही, रोज देईल.

आमची गिरणी सहकारी आहे, बोर्डावर. भागधारक निराळे, आम्ही निराळे. टपरीवरचा आमचा कॉम्रेड वर्गलढ्यावर तासभर बोलतो, फार चांगलं बोलतो. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन लांब वळचणीला बसतो. पुढच्या अंकात ज्याला उत्तर द्यायचं त्यानं जरूर द्यावं. फक्त आपण डबा कुणाजवळ बसून उघडतो, ते पहिल्या ओळीत लिहावं.