जपानी खेळयंत्रांतील इंग्रजी : एक भाषिक परामर्श

खेळयंत्रांवरील इंग्रजीचा विचार बहुधा भाषांतराच्या अंगाने केला जातो. मूळ खेळ जपानी आणि परदेशी जाताना तो इंग्रजी झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानात आणलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या यंत्राच्या अनेक खेळांना, विशेषतः त्याच्या जोडसाधनांसाठी रचलेल्या खेळांना, ही समजूत लागू पडत नाही. १९८४ सालच्या ‘डक हंट’ या बंदुकीच्या खेळातील पडद्यावरचे शब्द मूळ जपानी आवृत्तीतच इंग्रजी आहेत. यंत्रमानवासाठी रचलेल्या ‘रोबोट जायरो’चे अमेरिकेत ‘जायरोमाइट’ असे बारसे झाले. पडद्यावर मात्र जुनेच नाव राहिले, आणि तेही रोमन लिपीतच होते.

हे इंग्रजी कोणत्या जातीचे? ‘स्कोअर’, ‘राउंड’, ‘हिट’ हे शब्द वाक्याचे घटक नव्हेत; पडद्यावर ठराविक जागी लावलेल्या त्या पाट्या होत. खेळाचा खरा व्यवहार शब्दांवाचून चालतो. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, लगेच लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदी घटक तो उजेड टिपतो. या संकेतव्यवस्थेत मानवी भाषेची गरजच उरत नाही. म्हणूनच असा खेळ सहज देशांतर करतो. याउलट १९८६ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये संवाद हाच खेळ असल्याने त्याची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत १९८९ साली आली, ती भाषांतराचे ओझे वाहूनच.

या यंत्राच्या नकला १९९० नंतरच्या दशकात कोल्हापूरसारख्या शहरांतील घरांत पोचल्या. अशा खेळांनी मुलांचे इंग्रजी सुधारले, हे विधान मात्र तपासून घेतले पाहिजे. वाक्यरचना मिळाली नाही. मिळाली ती सुटी नामे, आणि त्यांना व्याकरण लाभले ते मराठीचे. ‘जीव’ पुंल्लिंगी व ‘आयुष्य’ नपुंसकलिंगी असता मुलांनी ‘एक लाईफ गेली’ असे म्हटले. येथे परका शब्द स्त्रीलिंगी झाला, गणनाक्षमही झाला. ‘जिंदगी’चे वजन त्यापाठीमागे असावे. म्हणजे मुले इंग्रजी शिकत नव्हती, तर मराठी घडवीत होती.

मग देवनागरी पडद्यावर का आली नाही? यंत्राची चित्रे आठ गुणिले आठ बिंदूंच्या चौकटींनी बनतात. जपानी काना अक्षर त्यांत मावते. त्याचे उच्चारचिन्ह पुष्कळदा वरच्या चौकटीत ढकलले जाई. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर, अशी तिहेरी अडचण आहे. तथापि अडचण म्हणजे अशक्यता नव्हे. जपान्यांनीही चिनी चित्राक्षरे बाजूस ठेवून कानावर भागविले होते. अडचणीतून वाट काढण्यास लागणारी निकड आपल्याकडे निर्माण झाली नाही, हे अधिक खरे.

चित्रनळीचे दूरदर्शनसंच मागे पडले, तशी ही बंदूकही निकामी झाली. आजच्या सपाट पडद्यावर तिचा प्रकाशसंकेत जुळत नाही. यंत्रे संग्राहकांच्या कपाटांत जपली जातील. त्या पिढीच्या बोलीतील ‘लाईफ’, ‘कॅसेट’, ‘स्टेज’ यांची लिंगे, अनेकवचने व अर्थच्छटा मात्र कोणी नोंदविल्यावाचून टिकणार नाहीत. उसन्या शब्दांचा अभ्यास केवळ ग्रंथांवरून करणाऱ्यांनी या क्षेत्राकडे वळणे अगत्याचे आहे.