ईजिप्शियन उत्थित शिल्प, रंगीत

भिंतीच्या पृष्ठावर अल्प उठावाने आकृती कोरून त्या रंगविण्याची प्राचीन ईजिप्तमधील कलापद्धती. ती चुनखडकात विशेष विकसित झाली. तांबड्या रेषांच्या चौकटींवर आरेखन करून काळ्या रेषांनी त्यात दुरुस्ती करीत. नंतर तांब्याच्या छिन्न्यांनी भोवतालचा दगड उतरवून आकृतीवर पातळ लेप देत व डिंकात वा सरसात कालवलेले खनिज रंग भरीत. मंद प्रकाशाच्या अंतर्भागात उठावाचे, तर उन्हातील बाह्य भिंतींवर आत खोदलेले शिल्प सामान्यतः योजीत.

सक्कारा येथील तीच्या मस्तब्यातील (पाचवा राजवंश, इ. स. पू. सु. २४००) पाणघोड्यांच्या शिकारीच्या दृश्यात पपायरसच्या दाट उभ्या रेषांपुढे नावेतील ती स्थिर उभा असून सेवक मात्र हालचालीत गुंतले आहेत. आकारमान व स्थिरता यांतून त्याचा दर्जा सूचित होतो. अबायडॉस येथील पहिल्या सेतीच्या (कार. इ. स. पू. सु. १२९०–१२७९) मंदिरात उठावाचे चढउतार अतिशय तरल आहेत. त्याचा पुत्र दुसरा रामसेस याने पूर्ण केलेल्या भागांतील खोल, ठसठशीत खोदकामात ही तरलता ओसरते.

थीब्झ येथील रामोसच्या अपूर्ण थडग्यात काही भिंतींवरील शिल्पांत केवळ डोळेच काळ्या रंगाने रेखले आहेत. या रंगविरहित रेषेची निर्मळता मोहक असली, तरी ती त्या शैलीचे अंतिम उद्दिष्ट मानणे योग्य नव्हे. कोरीव रेषा ही येथे रंगाची मर्यादा आखते; रंगानेच वस्त्र, कांती व अलंकार यांतील भेद स्पष्ट होतात.

मराठवाड्यातील शिल्पांच्या आस्वादातही हा विवेक आवश्यक ठरतो. चुनखडकाच्या मानाने बेसाल्ट कठीण, काळसर व खडबडीत असतो. त्यामुळे वेरूळच्या कैलास लेण्यात (आठवे शतक) कोरीव कामावर गिलावा देऊन रंगकाम केले होते. त्याचे अवशेष टिकून आहेत. ‘रंगमहाल’ हे या लेण्याचे लोकप्रचलित नावही रंगकामाचेच स्मरण देते. परभणी जिल्ह्यातील धारासूर (ता. गंगाखेड) येथील गुप्तेश्वर मंदिराच्या बाह्यांगावरील सुरसुंदरींच्या मूर्ती भिंतीपासून बऱ्याच पुढे आलेल्या आहेत. त्यांचे अवयव व अलंकार छायाप्रकाशाने उठून दिसतात. ईजिप्शियन शिल्पात अल्प उठावामुळे राहणारी उणीव रंग भरून काढतो; येथे ते कार्य सावली करते. तथापि आज दगड उघडा दिसतो, एवढ्यावरून तो मुळात तसाच होता असे गृहीत धरता येत नाही. म्हणून जीर्णोद्धारात मूर्ती घासून स्वच्छ करण्यापूर्वी खाचांमध्ये लेप वा रंग शिल्लक आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे. एकदा नष्ट झालेला हा पुरावा पुन्हा मिळत नाही.