चालता खर्ज

जॅझची एखादी नामांकित ध्वनिमुद्रिका ऐकून उठलेल्या रसिकाला ट्रम्पेट कोणाचा होता हे विचारावे, तो तात्काळ सांगेल. सॅक्सोफोनवाल्याचे नावही त्याला बहुधा ठाऊक असते. परंतु मागे उभा राहून, आपल्याहून उंच वाद्याला मिठी मारून, पहिल्या मात्रेपासून अखेरच्या मात्रेपर्यंत जो गृहस्थ तारा ओढीत होता, त्याचे नाव वेष्टणावर शोधावे लागते. यात रसिकाचा दोष थोडा आणि यंत्राचा अधिक आहे. डबल बासची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 कंपने करते. घरगुती रेडिओतून हा स्वर पूर्वीही धडपणे ऐकू येत नसे. आज मोबाइलच्या इवल्याशा कर्ण्यातून तर तो जवळजवळ गळूनच जातो. तेव्हा फराळाची ताटे आवरल्यावर ज्यांच्या घरी बऱ्यापैकी मोठा स्पीकर असेल त्यांनी माइल्स डेव्हिस यांची 1959 सालची ‘काइंड ऑफ ब्लू’ लावावी, आणि ट्रम्पेटकडे जरा हट्टाने दुर्लक्ष करून पॉल चेंबर्स यांचा बास तेवढा ऐकावा. पुढे जे म्हणावयाचे आहे ते पुष्कळसे त्या बासच्या आधाराने म्हणावयाचे आहे.

या वादनाला तिकडे ‘वॉकिंग बास’ म्हणतात. आपण चालता खर्ज म्हणू. चार मात्रांचा एक खंड, आणि प्रत्येक मात्रेवर एक याप्रमाणे सारख्या वजनाचे चार स्वर, एवढीच त्याची बाह्य खूण. आपल्या मैफलीत तानपुरा षड्ज सोडीत नाही आणि तबल्याचा ठेका सम सोडीत नाही. बासवाला ही दोन्ही कामे एकाच हाताच्या बोटांनी करतो आणि शिवाय एक तिसरी भानगड निस्तरतो. जॅझमध्ये पायाचा स्वरच दर एक-दोन खंडांनी बदलत असतो. आत्ता षड्जावर उभी असलेली इमारत पुढच्या खंडात मध्यमावर जाते, तिथून पंचमावर, आणि या स्थलांतराची वर्दी सर्वांना बासने द्यावयाची असते. समजा, षड्जावरून मध्यमावर जावयाचे आहे. सा, ग, प असे तीन स्वर वाजवून चौथ्या मात्रेवर तीव्र मध्यम घेतला, की पुढच्या खंडाचा शुद्ध मध्यम कानाला अटळ वाटू लागतो. किंवा सा, रे, कोमल ग, शुद्ध ग असे खालून चढत यावे. तरीही मध्यमाचे दार आपोआप उघडते. चौथी मात्रा ही उंबरठ्याची मात्रा आहे. तिच्यावरून बासवाल्याची पारख होते असे माझे मत आहे. पहिली मात्रा कोणालाही साधते.

हे चालणे जॅझच्या जन्मापासून रूढ नव्हते. आरंभीच्या बँडांत हे काम पुष्कळदा ट्यूबा या अजस्र पितळी वाद्याकडे असे. फुंकणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे खंडात दोन स्वर हाच सोयीचा हिशेब होता. चारही मात्रा तारेवर सलग, गोलाकार वाजवीत नेण्याची रीत पक्की करणाऱ्यांत वॉल्टर पेज (1900–1957) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. कॅन्सस सिटीच्या काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात बेसींचा पियानो, फ्रेडी ग्रीन यांची गिटार, जो जोन्स यांचे ड्रम्स आणि पेज यांचा बास ही चौकडी एका श्वासाने चाले. पुढे 1939 साली ड्यूक एलिंग्टन यांच्याकडे जिमी ब्लँटन आला. बास हे केवळ मागे उभे राहण्याचे वाद्य नव्हे हे त्याने दाखवून दिले, आणि 1942 साली क्षयाने, वयाच्या अवघ्या 23व्या वर्षी तो गेला.

आता हा चालता खर्ज शिकावयाचा कसा? पुस्तके आहेत. रे ब्राउन यांच्यासारख्या थोर वादकाने 1963 साली बासच्या शिक्षणावर पुस्तक काढले, आणि बोटे वळणावर आणण्यासाठी अशा पुस्तकांना तोड नाही. बासच्या चार तारा मध्यमाच्या अंतराने लावलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक तार ही तिच्या खालच्या तारेचा मध्यम. या तारांवर हात बसायला, बोटांना आधी फोड आणि मग घट्टे पडायला काही महिने द्यावेच लागतात. त्याविषयी कोणाचीच तक्रार नसावी. तक्रार आहे ती पुढच्या सोप्या सूत्राविषयी: पहिल्या मात्रेवर मूळ स्वर, मधल्या दोन मात्रांवर त्या स्वरसंघातले कोणतेही दोन स्वर, चौथीवर पुढच्या घराच्या शेजारचा स्वर. सूत्र खोटे नाही. परंतु नुसत्या सूत्रावर वाजविणारा विद्यार्थी प्रत्येक खंडात नव्याने जिना चढतो आणि नव्याने उतरतो. व्याकरणशुद्ध असूनही काहीच न सांगणारी पत्रे आपल्याला येतात, तसे ते होते. चांगल्या खर्जाचा डौल चार मात्रांत नसतो. तो आठ खंडांत, कधी बारांत उलगडतो: हळूहळू वर सरकणे, शिखरावर थोडे रेंगाळणे, आणि गायक समेवर यावा तसे नेमक्या क्षणी खाली उतरणे. हे कागदावर दिसत नाही. तोंडाने गाऊन पाहावे लागते. म्हणून तिकडचे जाणते शिक्षक विद्यार्थ्याला आधी खंडात दोनच स्वर वाजवायला लावतात, मूळ तबकडीवरची चाल कानाने उतरवायला लावतात, आणि लयमापकाचा ठोका पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर न धरता दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरायला सांगतात. समेवर टाळी देण्याची सवय जडलेल्या आपल्या मंडळींना ही शेवटची गोष्ट भारी अवघड जाते. करून पाहावी, घरात हशा पिकेल.

दुसरी सोय जेमी एबरसोल्ड यांनी 1967 पासून करून दिली. त्यांच्या सरावाच्या तबकड्यांत एका बाजूच्या स्पीकरमधून बास व ड्रम्स येत आणि दुसऱ्या बाजूने पियानो व ड्रम्स. बास शिकणाऱ्याने बासची बाजू बंद करावी आणि रिकाम्या जागी आपण उभे राहावे. कल्पना नामी होती, आणि सोबत्यांअभावी एकट्याने शिकणाऱ्या कितीतरी मुलांचा तिने निभाव लावला. पण तिच्यात एक गोष्ट मुळातच नाही. तबकडी तुमचे ऐकत नाही. तुम्ही अडखळलात तरी तिचा पियानो हसतमुखाने पुढे जातो. तुम्ही एखादी सुंदर चाल काढलीत तरी तिला पालवी फुटत नाही. साथीचे सारे शील तर याच देवघेवीत आहे. आपल्याकडे पेटीवर बसणाऱ्याला गायकाच्या पुढे जायचे नसते आणि मागेही राहायचे नसते. त्याचे शिक्षण यंत्रासमोर बसून होईल असे कोणी म्हणणार नाही. बासवाल्याची जबाबदारी तर आणखी मोठी. तो चुकला तर सगळ्यांची जमीन हलते. यंत्राबरोबर वाजविताना लय सांभाळण्याचे ओझे यंत्र उचलते, आणि नेमके तेच ओझे उचलायला शिकावयाचे असते.

या ठिकाणी एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इतके चालत राहण्याची गरजच काय? बिल एव्हन्स यांच्या त्रयीत स्कॉट लफारो यांनी ही चाल मोडली. 25 जून 1961 रोजी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मध्ये त्यांचे जे वादन मुद्रित झाले त्यात बास पियानोशी बोलतो, मध्येच गप्प होतो, उलट प्रश्न विचारतो. त्यानंतर अकरा दिवसांनी, 25 वर्षांचे असताना, लफारो मोटार-अपघातात गेले. ते वादन अपूर्व आहे यात वाद नाही. परंतु लफारोंचा दाखला देऊन चालणे टाळणाऱ्यांनी हॅम्प्टन हॉज यांच्याबरोबरची 1958 सालची ‘फॉर रिअल!’ ऐकावी. तिथे हाच तरुण कसा नेटाने, कसा पक्का चालतो! जे त्याने पुढे मोडले ते आधी त्याच्या हातात होते.

आपल्या कानांना हा स्वर अगदीच परका नाही. गोव्याहून आलेल्या वादकांनी मुंबईच्या हॉटेलांतला जॅझ चित्रपटांच्या वाद्यवृंदात आणला. 1951 सालच्या ‘अलबेला’मध्ये सी. रामचंद्र यांच्या चालींना चिक चॉकलेट यांच्यासारख्यांची संगत होती. मात्र तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यात खर्जाला लांब चालायला रस्ता कुठला मिळणार?

तो रस्ता ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्याच रचनेत, ‘सो व्हॉट’मध्ये आहे, आणि तो विलक्षण आहे. ही रचना 2 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली. इथे मुख्य धूनच बास मांडतो आणि बाकीचे दोन ठोक्यांत हुंकार देतात. मग एकेकाचे वादन सुरू होते आणि चेंबर्स चालू लागतात. बत्तीस खंडांचे आवर्तन. डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली यांची प्रत्येकी दोन आवर्तने. म्हणजे या तिघांपाठीमागे 768 मात्रा झाल्या. अडचण श्रमाची नाही, वाटेची आहे. नेहमीच्या रचनेत घरे बदलत असतात म्हणून चालणाऱ्याला दिशा आयतीच मिळते. इथे पहिले सोळा खंड एकच स्वरसप्तक आहे, ज्याचे स्वर आपल्या काफी थाटाचे आहेत: गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. नंतर आठ खंड तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर सरकते, आणि शेवटचे आठ खंड पुन्हा मूळ जागी. एका आवर्तनाचे शेवटचे आठ आणि पुढच्याचे पहिले सोळा जोडले तर 96 मात्रा एकाच घरात काढावयाच्या. सूत्रावर शिकलेला विद्यार्थी इथे चौथ्या खंडातच उघडा पडतो; शेजारचे घरच नाही, मग उंबरठा कुठून आणणार?

चेंबर्स त्या वेळी 23 वर्षांचे होते. ते या मोकळ्या मैदानात मुळीच घाबरत नाहीत. एखाद्या स्वरावर पुन्हा पाऊल टाकतात, सप्तकाची पायरी पायरी चढतात, उतरतात, आणि घाई कुठेच नाही. राग विस्तारणाऱ्याला ही स्थिती ओळखीची वाटेल; थोड्या स्वरांत किती वेळ रमता येते हीच तर तिथे परीक्षा असते. जिमी कॉब यांच्या झांजेला चिकटून ती बोटे चालतात, इतकी की दोघांत फट दिसत नाही. कोल्ट्रेन वर कितीही दाटीवाटी करोत, खालची जमीन ढळत नाही. 1969 साली, 33व्या वर्षी चेंबर्स वारले.

ऐकताना प्रत्येक आवर्तनाची चौसष्टावी मात्रा मोजून पाहावी. त्या जागेचे गणित मोठे गमतीचे आहे. पुढचे घर अर्ध्याच स्वराने वर असल्यामुळे, इतका वेळ जो षड्ज होता तोच आता नुसता उंबरठा होऊ शकतो. आणि आठ खंडांनी परतताना नव्या घराचा षड्ज जुन्या घराचा उंबरठा. धाकट्या मुलांना बोटांवर मोजायला बसवावे. पहिल्या खेपेस हिशेब चुकेल. दुसऱ्या खेपेस, डेव्हिस यांचे दुसरे आवर्तन सुरू होईतो, बास कधी वळतो ते मोजण्याआधीच कळू लागते.