यंत्रवाच्य उत्तरपत्रिका : पूर्वसिद्धतेचा विचार

यंत्राकडून तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेचे गुण सांगताना तिच्या निःपक्षपातीपणावर सर्वाधिक भर दिला जातो. परीक्षकाचा थकवा, हस्ताक्षराविषयीची आवडनिवड, आधी वाचलेल्या उत्तरपत्रिकेची मनावर राहिलेली छाया, यांपैकी कशाचाही स्पर्श यंत्राला होत नाही, हे खरेच आहे. परंतु कागद यंत्रापुढे जाण्यापूर्वी त्याची जी सिद्धता केली जाते, तीत मानवी निर्णय भरपूर असतात. आणि आपल्याकडील परीक्षाविचारात नेमका हाच भाग उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत टिपणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

रेनॉल्ड जॉन्सन या अमेरिकन शाळाशिक्षकाच्या कल्पनेवर आधारलेले आय. बी. एम.चे ‘८०५’ हे गुणांकनयंत्र १९३८ साली बाजारात आले. शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइटमधून वीज वाहते. खुणांतून वाहणारा हा प्रवाह ते यंत्र मोजी. पुढे १९५०नंतरच्या दशकात आयोवा विद्यापीठात ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी प्रकाशाच्या साहाय्याने खुणा टिपणारे यंत्र सिद्ध केले. आजची ओ. एम. आर. पद्धती याच परंपरेतील होय. वर्तुळावरून परावर्तित होणारा प्रकाश पुरेसा कमी झाला, म्हणजे तेथे खूण आहे असे तीत मानले जाते. मात्र ‘पुरेसा’ म्हणजे किती, हे यंत्र ठरवीत नाही. ती मर्यादा त्याला अगोदर नेमून द्यावी लागते. एखादी फिकट खूण हे उत्तर समजावे की खोडलेल्या उत्तराचा अवशेष, हा शेवटी अर्थनिर्णयाचाच प्रश्न आहे.

दुहेरी खुणेचे उदाहरण याहून बोलके आहे. एका प्रश्नाखाली दोन वर्तुळे भरली तर उत्तर बाद, असा सर्वसाधारण संकेत आहे. परंतु महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा २०१७ साली पाचवी व आठवीच्या वर्गांसाठी होऊ लागली, तेव्हा आठवीच्या योजनेत जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना दोन अचूक पर्याय ठेवले गेले आणि ते दोन्ही नोंदविणे आवश्यक ठरले. खूण तीच; एका नियमाने ती चूक, दुसऱ्याने ज्ञानाचे गमक! यंत्र दोन्ही प्रसंगी सारखेच निर्विकार असते. न्याय असतो तो नियमात, आणि नियम माणसाचा असतो.

आता उत्तरपत्रिकेवरील सूचनांकडे वळू. ‘घडी घालू नये’, ‘खाडाखोड करू नये’, ‘वर्तुळ पूर्ण गडद करावे’, अशी ही केवळ आज्ञार्थी भाषा असते. प्रत्येक आज्ञेमागे कारण आहे. कडेच्या काळ्या पट्ट्यांवरून यंत्राला ओळींचे स्थान कळते. कागद दुमडला वा कोपरा फाटला की ते स्थान ढळते. टाचणी यंत्रात अडकते. ओलसर कागद परस्परांना चिकटून दोन एकदम आत ओढले जाण्याचा संभव असतो. ही कारणे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात, तापीकाठच्या एखाद्या खेड्यात राहणारा आणि घरी अहिराणी बोलणारा मुलगा ही ग्रांथिक आज्ञा प्रथमच वाचतो, तेव्हा त्याच्या बुद्धीबरोबर त्याच्या सरावाचीही परीक्षा होत असते. शहरातील शिकवणीवर्गात त्याच्या समवयस्काने अशा कागदांवर वर्षभर हात बसविलेला असतो. या अंतराला गुणवत्तेतील अंतर म्हणणे अशास्त्रीय आहे.

पूर्वसिद्धतेची हेळसांड किती महाग पडते, हे मुंबई विद्यापीठात २०१७ साली दिसले. तेथे वर्तुळांचा नव्हे, तर हस्तलिखित उत्तरपुस्तिकांचा प्रश्न होता. लक्षावधी पुस्तिकांच्या प्रतिमा घेऊन त्या संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची योजना घाईने अमलात आली. पुस्तिका सापडत नसल्याच्या व त्यांची अदलाबदल झाल्याच्या तक्रारी आल्या. ३१ जुलैची मुदत टळली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. दोष पडद्यावरील तपासणीच्या तत्त्वाचा होता, असे यावरून सिद्ध होत नाही. कागद उलगडणे, क्रमाने लावणे, त्यावरील ओळखक्रमांक पडताळणे, ही कामे कारकुनी समजली गेली की मूल्यमापनाचा पायाच खचतो, एवढे मात्र सिद्ध होते.

यास्तव तीन अपेक्षा मांडाव्याशा वाटतात. पहिली, सूचनांबरोबर त्यांची कारणे सांगितली जावीत आणि सरावाचे कागद प्रत्येक शाळेस विनामूल्य मिळावेत. दुसरी, यंत्राने नाकारलेल्या उत्तरपत्रिकेविषयी माणसाने घेतलेल्या प्रत्येक निर्णयाची लेखी नोंद राहावी. तिसरी, परीक्षार्थीला आपल्या उत्तरपत्रिकेची प्रतिमा पाहता यावी. ‘नीट’ परीक्षेत ती दाखविली जाते; परंतु यंत्राच्या नोंदीवर आक्षेप घ्यावयाचा तर प्रत्येक प्रश्नास २०० रुपये भरावे लागले आहेत. शेतमजुराच्या मुलाला हा हक्क कितपत परवडतो, याचाही विचार झाला पाहिजे.

यंत्राला पक्षपात ठाऊक नाही. तशीच करुणाही ठाऊक नाही. या दोहोंची जबाबदारी कागद सिद्ध करणाऱ्यांवरच राहते. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी गुणांच्या कोष्टकांइतकेच लक्ष या टेबलाकडे दिले, तर मूल्यमापनाचे आपले संशोधन अधिक प्रामाणिक होईल.