मोफोंगो : लिखित पाककृती आणि क्रियेची परंपरा

पाकग्रंथांतील कृतींना ‘पारंपरिक’ हे विशेषण सर्रास लावले जाते; परंतु ही परंपरा घटकद्रव्यांत असते, मसाल्यात असते की क्रियेत, याचा विचार क्वचितच केलेला आढळतो. या दृष्टीने कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावरचा ‘मोफोंगो’ हा पदार्थ उद्बोधक आहे.

आज मोफोंगो करताना हिरव्या केळ्यांचे जाड काप तळून ते लसूण व डुकराची कुरकुरीत तळलेली चामडी यांसह ‘पिलोन’ नामक लाकडी उखळीत कुटतात. हे केळे कोकणातील राजेळीसारखे मोठे व पिठूळ असते. बेटावरील पहिला पाकग्रंथ ‘एल कोसिनेरो प्वेर्तोरिकेन्यो’ हा १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘मोफोंगो क्रिओयो’ची कृती आहे, पण तीत केळी तळलेली नाहीत. लिंबू लावलेली केळी वासराचे मांस व कोंबडी यांसह उकडावीत, लसूण, ओरेगानो, तिखट नसलेली मिरची व डुकराची चरबी घालून कुटावीत आणि त्यांचे गोळे रश्शात सोडावेत, असा तिचा क्रम आहे. शिजविण्याची रीत पालटली. टिकले ते केळे, लसूण आणि कुटणे.

घटकद्रव्यांवरून मूळ ठरवू गेल्यास हाती फारसे लागत नाही. केळे मूळचे आशियातील. ते १५१६ साली तोमास दे बेर्लांगा या धर्मगुरूने कॅनरी बेटांतून सांतो दोमिंगोस आणले, असे इतिहासकार ओव्हिएदो याने नमूद केले आहे. लसूण व ओरेगानो युरोपातून आले. मिरची मात्र अमेरिकेचीच. क्रियेकडे पाहिल्यास चित्र स्पष्ट होते. कंद वा केळी उकडून, उखळात कुटून, त्यांचा गोळा रश्शाबरोबर खाणे ही पश्चिम व मध्य आफ्रिकेतील ‘फुफू’ची रीत होय. मोफोंगो या शब्दाचे मूळही कोंगो भाषेत असल्याचे मानले जाते. १८५९ ची कृती आजच्या कृतीपेक्षा फुफूला अधिक जवळची आहे, हे येथे विशेष लक्षणीय होय.

या पार्श्वभूमीवर ‘क्रिओयो’ या विशेषणाचा विचार करावा लागतो. त्याचा अर्थ ‘या भूमीत जन्मलेले’. ग्रंथ छापला गेला तेव्हा बेटावर गुलामगिरी चालू होती. ती १८७३ साली रद्द झाली. पदार्थाला बेटाचे नाव मिळाले, परंतु ज्यांनी ही क्रिया समुद्रापलीकडून आणली त्या आफ्रिकी लोकांचा निर्देश त्या नावात उरला नाही. ग्रंथाचे मोल याने कमी होत नाही, कारण त्याच्याअभावी उकडलेल्या मोफोंगोचा हा पुरावा हाती आला नसता. मात्र पाकग्रंथाचे परीक्षण करताना केवळ द्रव्यांची यादी व मसाल्याचे प्रमाण तपासून भागत नाही. कोणती क्रिया सांगितली आहे, ती कोणाकडून आली आणि ग्रंथाने तिला कोणाचे नाव दिले, हेही पाहणे अगत्याचे ठरते.